मराठी ज्यू घरातल्या मुलींची नावे

कोकणातल्या मराठी ज्यूंमध्ये, म्हणजे बेने इस्राएल समाजात, मुलीला बहुधा दोन नावे लागतात. एक घरात, शाळेत आणि सरकारी कागदावर चालणारे. दुसरे प्रार्थनेत घ्यायचे हिब्रू नाव. सारा किंवा मिर्याम असे नाव ठेवले की एकातच दोन्ही कामे भागतात. पण मुलीला घरी लिली किंवा शोभा म्हणायचे ठरले, तर हिब्रू नाव वेगळे निवडावे लागते. ते वर्षानुवर्षे कोणी उच्चारत नाही, आणि नेमके मोठ्या प्रसंगांना लागते: लग्नाचा केतुबा, म्हणजे विवाहकरार, लिहिताना, दुखण्यात तिच्यासाठी प्रार्थना करताना, आणि शेवटी कबरीच्या दगडावर. कोकणातल्या जुन्या ज्यू दफनभूमींत मराठी आणि हिब्रू दोन्ही लिप्यांतली नावे एकाच दगडावर कोरलेली दिसतात.

हिब्रू नावाची रचना मराठी माणसाला ओळखीची वाटेल. दाविदची मुलगी सारा ही 'सारा बत दाविद' होते. 'बत' म्हणजे मुलगी. मराठीत मुलीच्या नावापुढे वडिलांचे नाव लागते, त्याच वळणाचे हे नाव. फरक लग्नानंतर पडतो. मराठी रिवाजाने मधले नाव बदलून नवऱ्याचे येते, आडनावही बदलते. हिब्रू नाव मात्र बदलत नाही. ती मरेपर्यंत आपल्या बापाची मुलगी म्हणूनच प्रार्थनेत ओळखली जाते. आजारी माणसासाठी प्रार्थना करताना तर आईचे नाव जोडायची पद्धत आहे. त्यामुळे मुलीचे हिब्रू नाव ठरवताना आईवडिलांची हिब्रू नावेही नीट माहीत असावी लागतात, आणि ती विस्मरणात गेलेली असतील तर बारशाच्या निमित्ताने ती शोधून काढली जातात.

मुलाच्या बाबतीत दिवस धर्मानेच ठरवून दिला आहे. आठव्या दिवशी सुंता आणि त्याच वेळी नाव. मुलीसाठी असा बांधलेला दिवस नाही. जगभरच्या ज्यूंमध्ये साधारण रूढी अशी की तोरा हा धर्मग्रंथ वाचण्याच्या दिवशी, म्हणजे सोमवारी, गुरुवारी किंवा शब्बाथला (शनिवारी), वडिलांना प्रार्थनालयात तोरापाशी बोलावतात आणि आशीर्वादात मुलीचे नाव जाहीर होते. बेने इस्राएल घरांनी याला बारशाची जोड दिली. पाळणा, जमलेल्या बायका, मराठी गाणी, सारे शेजारच्या घरांसारखे. नवस फेडायचा असेल तर मलिदा होतो: गूळखोबरे घातलेले गोड पोहे आणि फळे ताटात मांडून एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे संदेष्टा एलियाचे, स्मरण करतात. ठरलेला दिवस नसल्यामुळे मुलीच्या नावावर धर्मशास्त्राची पकड सैल राहिली आणि घराची, विशेषतः बायकांची, इच्छा जास्त चालली. समाजातल्या मुलींच्या नावांचा इतिहास मुलांच्या नावांपेक्षा रंगीत झाला, त्याचे एक मोठे कारण हे दिसते.

परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. त्यांचीच ही प्रजा. पुढे ही माणसे कोकणातल्या गावांत तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. ग्रंथ हाताशी नव्हते, पण शब्बाथ, सुंता आणि 'शमा' ही प्रार्थना टिकली होती. पुरुषांची बायबलमधली नावेही टिकली, मात्र मराठी वळण घेऊन. मुंबईतले पहिले ज्यू प्रार्थनालय 1796 मध्ये ज्यांनी बांधले ते सॅम्युएल इझिकेल दिवेकर समाजात सामाजी हसाजी म्हणून ओळखले जात. आडनावे गावांवरून आली: पेणचे पेणकर, किहीमचे किहीमकर, झिराडचे झिराड. बायकांची नावे मात्र बरीचशी शेजारच्या हिंदू घरांतल्यासारखीच असत. बायबलमधले नाव असलेच तर त्याला 'बाई' लागे: साराबाई, राहेलबाई, हन्नाबाई.

एकोणिसाव्या शतकात हे चित्र पालटले. कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी धर्मविधी शिकवले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्राएलांनी हिब्रू तेवढे घेतले आणि आपल्याच धर्माकडे अधिक ओढीने वळले. 1874 मध्ये पुण्यात वल्हांडण सणाची 'हग्गादा' ही पोथी मराठी भाषांतरासह आणि चित्रांसह छापली गेली. 1880 च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांनी ज्यू कीर्तन सुरू केले. बायबलमधली आख्याने मराठी साक्या-दिंड्यांत गायली जाऊ लागली. नावे रुजायला यापेक्षा चांगली जमीन नसते. पुस्तकातले नाव परके वाटते, पण रात्रभर कीर्तनात ऐकलेली बाई ओळखीची होते आणि तिचे नाव लेकीला द्यावेसे वाटते.

वऱ्हाडातल्या हिंदू घरांतही कथाकीर्तनाच्या याच वाटेने एक नाव रुजले आहे. अमरावती जिल्ह्यातले वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते. तिथल्या राजकन्येचे संस्कृत नाव लोकांच्या तोंडी रखुमाई झाले, आणि रखमा, रुखमा होऊन साध्या शेतकरी घरांत नांदले. हिब्रूतली रिवका मराठीत रिबका झाली ती अशीच. दोघींच्या कथांतही एक साम्य आहे. रुक्मिणीने स्वतः निरोप पाठवून आपला वर निवडला. उत्पत्तीच्या पुस्तकात रिबका विहिरीवर परक्या प्रवाशाला आणि त्याच्या उंटांना पाणी पाजते. मग तिला विचारले जाते की या माणसाबरोबर दूरदेशी जाशील का, आणि ती स्वतःच्या तोंडाने होकार देते. त्या काळच्या कथेत मुलीला विचारले जावे हे विशेष आहे, आणि हे नाव ठेवणाऱ्यांना ती गोष्ट ठाऊक असावी.

निवडीला नावे पुष्कळ आहेत. सारा म्हणजे कुलीन स्त्री, राजकन्या. हन्ना म्हणजे कृपा. मूल व्हावे म्हणून ओठांतल्या ओठांत प्रार्थना करणारी ही शमुवेलाची आई, म्हणून नवसाने झालेल्या मुलीला हे नाव शोभते. दबोरा म्हणजे मधमाशी. ती न्यायनिवाडा करणारी आणि सैन्याला लढाईला धाडणारी. तामार म्हणजे खजुराचे झाड, याएल म्हणजे रानबकरी, सिप्पोरा म्हणजे पाखरू, नामी किंवा नाओमी म्हणजे गोडवा. राहेल म्हणजे मेंढी. मेंढपाळांच्या समाजात हा लाडाचा शब्द होता. मिर्यामच्या अर्थाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, पण समुद्र ओलांडल्यावर डफ घेऊन नाचणारी ही मोशेची बहीण इतकी लाडकी आहे की अर्थावाचून तिचे काही अडले नाही.

एस्तेरचे नाव या समाजाला विशेष जवळचे असायला हवे. तिला दोन नावे होती. हदस्सा हे हिब्रू नाव मर्टल या सुवासिक झुडपावरून आले. इराणी राजवाड्यात ती एस्तेर म्हणून वावरली आणि वेळ आली तेव्हा आपली ओळख उघड करून तिने लोकांना वाचवले. तिच्या कथेवरचा पुरीम हा सण फाल्गुनाच्या सुमारास येतो, म्हणून बेने इस्राएल त्याला होळीचा सण म्हणत.

हिब्रू नाव मराठी कानाला कसे लागते हे पाहणे फार महत्त्वाचे. राहेल हे नाव आजच्या इस्राएलमध्ये घशातल्या खरखरीत 'ख'ने उच्चारतात. तो उच्चार जसाच्या तसा मराठीत आणला तर मुलीला आयुष्यभर एक वाईट शब्द चिकटेल. मराठी ज्यूंनी 'राहेल' हेच रूप धरून ठेवले ते योग्यच केले. 'हाया', म्हणजे जीवन, हे नाव रोमन लिपीत बहुतेक वेळा असे लिहितात की मराठी माणूस ते 'छाया' वाचतो. उलट काही नावे दोन्हीकडे सहज चालतात. रीना हिब्रूत आनंदाचे गाणे आहे. मेइरा, उजेड देणारी, मराठीत मीरा होऊन जाते. मायाही आज इस्राएलमध्ये आवडते नाव आहे.

मीराचे एक ठळक उदाहरण आहे. बांधकामावरच्या मजूर बायांच्या मुलांसाठी 1969 मध्ये 'मोबाइल क्रेश' ही संस्था सुरू करणाऱ्या मीरा महादेवन या जन्माने बेने इस्राएल, मिर्याम मेंद्रेकर. त्यांनी आपल्या समाजावर 'अपना घर' ही हिंदी कादंबरी लिहिली. नावे अशी दोन्ही दिशांनी प्रवास करत राहिली. बगदादी ज्यू घराण्यातल्या फ्लोरा ससून यांचे घरचे नाव फरहा होते. पुण्यात जन्मलेल्या रुबी मायर्स मूकपटांच्या काळात सुलोचना झाल्या आणि त्याच नावाने 1973 चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. 1947 ची मिस इंडिया प्रमिला ही एस्थर अब्राहम. पडद्यावर हिब्रू किंवा इंग्रजी नाव लपवावे लागले, पण दवाखान्यात आणि शाळेत तशी गरज पडली नाही. कामा रुग्णालयाचा कारभार सांभाळणाऱ्या आणि 1966 मध्ये पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी बायबलमधल्या एका राजमातेचे दुर्मीळ नाव मुंबईकरांच्या ओळखीचे केले. मुंबईच्या सर एली कदूरी शाळेच्या मुख्याध्यापिका रेबेका रूबेन यांनी आपले नाव पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांच्या स्मरणात ठेवले. एस्थर डेव्हिड यांच्या 'बुक ऑफ रेचेल' या कादंबरीला 2010 मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिची नायिका कोकणातल्या गावात मागे राहून प्रार्थनालय सांभाळणारी म्हातारी आहे.

आजीचे नाव नातीला द्यावे का, हा प्रश्न ज्यू घरात वेगवेगळ्या रीतीने सुटतो. युरोपातले अश्केनाझी ज्यू हयात माणसाचे नाव बाळाला देत नाहीत. गेलेल्या आप्ताचे नाव चालवतात. सेफार्दी ज्यू हयात आजीआजोबांचे नाव देणे हा त्यांचा मान समजतात. बेने इस्राएलांची प्रार्थनापद्धत सेफार्दी वळणाची आहे, त्यामुळे आजीच्या देखत तिचे नाव नातीला ठेवायला धर्माची आडकाठी नाही. ते नाव जुन्या धाटणीचे वाटले, तर त्याच अर्थाचे किंवा त्याच अक्षराचे दुसरे नाव घेतात.

1948 नंतर समाजातली बहुसंख्य माणसे इस्राएलला गेली. भारतात एके काळी वीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज आता काही हजारांवर आला आहे. तिकडे मुलींना नव्या हिब्रूतली नावे मिळाली: शिरा म्हणजे गाणे, इलाना म्हणजे झाड, तालिया म्हणजे देवाचे दव. जुन्यातलेच एक नाव पुन्हा वर आले ते नोआ. इंग्रजीतल्या नोहामुळे ते मुलाचे वाटते, पण हिब्रूत दोन्ही नावे वेगळी आहेत. गणनाच्या पुस्तकात सलाफहादाच्या पाच मुली आहेत, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. भाऊ नसलेल्या या बहिणी मोशेपुढे उभ्या राहून बापाच्या जमिनीत वाटा मागतात, आणि तो त्यांना मिळतो. मुलीसाठी नाव शोधणाऱ्याने या पाचांचा विचार जरूर करावा. तिरसा तर मराठी जिभेला अगदी सोपे आहे. ठाणे-मुंबईत राहिलेल्या घरांचे नातेवाईक इस्राएलमध्ये असतात, म्हणून दोन्हीकडे न अडखळता घेता येईल असे आटोपशीर नाव हल्ली पसंत पडते.

कागदोपत्री घाई करण्याचे कारण नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण बाळाचे नाव बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते; त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. दाखल्यावर देवनागरी आणि रोमन दोन्ही स्पेलिंगे एकदाच ठरवून घ्यावीत, कारण रिबका, रिवका आणि रेबेका ही सरकारी नोंदीत तीन वेगळ्या मुलींची नावे ठरतात. हिब्रू नाव दाखल्यावर नसले तरी ते आईवडिलांच्या हिब्रू नावांसह हिब्रू अक्षरांत लिहून घरच्या प्रार्थनापुस्तकाच्या पहिल्या पानावर ठेवावे. केतुबा लिहिणारा तेच मागतो.