पाल्यातील ऊर्जा मोजणारी काचेची पिचकारी

बाभळीचा पाला, कडबा किंवा सरकीची पेंड यांतून शेळीला किती ऊर्जा मिळते, हे पोत्याच्या वजनावरून कळत नाही. रासायनिक पृथक्करणावरूनही पुरते कळत नाही. जर्मनीत गटिंगेनजवळच्या वेंडे येथे 1860 च्या दशकात हेन्नेबेर्ग आणि श्टोमान यांनी खाद्यातील प्रथिने, स्निग्धांश, तंतू व राख मोजण्याची पद्धत बसवली. ती आजही वापरात आहे. मात्र खाद्यात काय आहे, एवढेच ती सांगते. त्यातले जनावराला किती लाभते, हे सांगत नाही.

ही उणीव श्टुटगार्टच्या होहेनहाइम विद्यापीठातील मेंके व सहकाऱ्यांनी 1979 मध्ये मांडलेल्या वायुचाचणीने बरीच भरून काढली. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात सूक्ष्मजीव चारा आंबवतात आणि वायू तयार होतो. हीच क्रिया येथे काचेच्या पिचकारीत घडवली जाते. वाळवून दळलेल्या सुमारे 200 मिलिग्रॅम चाऱ्यात कोठीपोटातील रस व क्षारद्रावण यांचे 30 मिलिलिटर मिश्रण घालून पिचकारी 39 अंश सेल्सिअसवर 24 तास ठेवतात. वायू जमेल तसा दट्ट्या सरकतो. वायूचे आकारमान आणि प्रथिने, स्निग्धांश इत्यादींचे प्रमाण सूत्रात घातले, की दर किलो शुष्क चाऱ्यातून जनावराला किती मेगाज्यूल ऊर्जा मिळेल, याचा अंदाज येतो.

शेळी मात्र झाडपाला आवडीने खाते आणि तेथेच पृथक्करण चकवते. बाभळीसारख्या पाल्यात प्रथिने भरपूर दिसली, तरी त्यातील टॅनिन त्यांना बांधून ठेवते व सूक्ष्मजीवांच्या कामात अडथळा आणते. यावर होहेनहाइममध्येच हरिंदर मक्कर व सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात उपाय शोधला. एकच पाला दोन पिचकाऱ्यांत घालायचा. एकीत टॅनिनला जखडणारे पॉलिएथिलीन ग्लायकॉल मिसळायचे. तिच्यात जो जादा वायू निघेल, त्यावरून टॅनिनचा अडसर किती, ते कळते.

या चाचणीलाही मर्यादा आहेत. तिची मूळ सूत्रे मुख्यतः मेंढ्यांवरील पचनप्रयोगांवर बेतलेली आहेत. शिवाय प्रयोगशाळेत देठासकट सारे दळले जाते. शेळी कोवळे निवडून खाते. म्हणून नमुना ती प्रत्यक्ष खाते त्याच भागांचा हवा. गावाकडच्या शेळीपालनात पैसा घालणाऱ्या परदेशस्थ मराठीजनांनी खाद्याचा अहवाल मागवताना केवळ प्रथिनांच्या आकड्यावर समाधान मानू नये. पचनानंतर उरणारी ऊर्जा विचारावी. उन्हाळ्यात चारा महागतो, तेव्हा नफा-तोटा त्याच आकड्यावर ठरतो.