फुप्फुसाचा कर्करोग, हाडांचे दुखणे आणि घरच्या माणसांचे काम



आजारावरचे व्याख्यान ऐकायला कोणी हौसेने येत नाही. तरीही हा विषय मी मुद्दाम घेतला आहे. औषधपाण्याचे काम डॉक्टरांचे खरे. पण दिवसाच्या चोवीस तासांपैकी रोग्याजवळ असतात ती घरचीच माणसे, आणि त्यांना काय करावे हे बहुधा कोणी सांगत नाही.

आपल्या जिल्ह्यातील एक घर डोळ्यांसमोर आणा. वडिलांना फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे कळून दोन महिने झाले आहेत. आता त्यांची पाठ दुखू लागली आहे. रात्री आडवे झाले की अधिकच दुखते. डॉक्टर म्हणतात, “रोग हाडात गेला असावा, तपासून पाहू.” घरच्यांना मात्र ‘असावा’ ऐकूच येत नाही, ‘गेला’ एवढेच ऐकू येते. कोणी रडते, कोणी शेत विकण्याची गोष्ट काढते, कोणी म्हणते आता तपासणीच नको. मला आज सांगायचे आहे ते एवढेच, की ‘असावा’पासून ‘आहे’ किंवा ‘नाही’ इथपर्यंतचे दिवस नुसते वाट पाहण्याचे नव्हेत. या दिवसांत घरचे किती सावध राहतात, यावर रोग्याचे पाय चालते राहतील की नाही हे काही वेळा ठरते.

प्रथम, रोग हाडातच का जातो? १८८९ साली स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यवैद्याने स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. हा रोग वाटेल तेथे पसरत नाही, काही ठरावीक अवयवच धरतो, असे त्याला आढळले. त्याने उपमा दिली ती बियांची आणि जमिनीची. शेतकऱ्याला ती समजावून सांगायला नको. वारा बी चहूकडे नेतो, पण उगवते ते मानवलेल्या जमिनीत. हाडाच्या आतील मज्जा ही अशीच जमीन आहे. हाड म्हणजे निर्जीव काठी नव्हे. ते रोज थोडे झिजते आणि रोज थोडे भरून निघते. कर्करोगाच्या पेशी तेथे रुजल्या की झीज वाढते, भरणे मागे पडते. हाड दुखते आणि कमकुवत होते. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रोग्यांपैकी सुमारे ३० ते ४० टक्क्यांत असे केव्हा ना केव्हा घडते. बहुधा मणके, बरगड्या, कंबर किंवा मांडीचे हाड यांत. हा हाडाचा वेगळा कर्करोग नव्हे. फुप्फुसाचेच बी तेथे उगवलेले असते.

पण प्रत्येक पाठदुखी म्हणजे हाच रोग नव्हे. संधिवात, उतारवयात ठिसूळ झालेला मणका, जुना मार, आणि आपल्याकडे विसरून चालणार नाही असा मणक्याचा क्षय, यांनीही पाठ दुखते. बोन स्कॅनमध्ये जेथे हाडाची दुरुस्ती जोरात चालू असते ती जागा उठून दिसते. मग ती झिजलेल्या सांध्याची असो की जुन्या अस्थिभंगाची. म्हणून एका डागावरून निकाल होत नाही, एम. आर. आय., सी. टी. किंवा पेट स्कॅन आणि कधी सुईने काढलेला तुकडा यांची जोड द्यावी लागते. उलट साधा एक्स-रे निर्दोष आला म्हणून निर्धास्तही राहू नये. हाड बरेच झिजल्यावाचून त्यात दिसत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. रोगाने मणका खचला वा फुगला तर त्यावर दाब येतो. याची लक्षणे घरातल्या प्रत्येकाला पाठ असावीत. छाती वा पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखी कळ. खोकताना वाढणारे दुखणे. पायांत अशक्तपणा, चालताना तोल जाणे. पाय वा मांड्यांच्या आतल्या बाजूस बधिरपणा. लघवी तुंबणे किंवा शौचावरचा ताबा जाणे. यांपैकी काही नव्याने दिसले तर सकाळची वाट पाहू नये. रोग्याला सपाट निजवावे, ओंडका वळवावा तसे एकसंध वळवावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. उपचार त्याच दिवशी सुरू झाले तर चालणारा माणूस बहुधा चालता राहतो. पाय पूर्ण गेल्यावर ते परत येणे कठीण असते. तसेच अतिशय तहान, वारंवार लघवी, मळमळ, बद्धकोष्ठ आणि बरळणे ही लक्षणे एकत्र आली, तर हाडातील कॅल्शियम रक्तात उतरले असण्याचा संभव असतो. त्यावरही तातडीचा इलाज आहे.

उपचार काय आहेत? दुखऱ्या हाडावर किरणोपचार करतात. पुष्कळदा त्याची एकच मात्रा अनेक दिवसांच्या मात्रांइतका वेदनेला उतार देते. दूरच्या गावच्या रोग्याने हे डॉक्टरांना जरूर विचारावे. उतार पडायला काही आठवडे लागतात, आणि आरंभी दुखणे थोडे वाढूही शकते. तेवढ्यावरून उपचार फसला असे समजू नये. हाडाची झीज रोखणारी इंजेक्शने आहेत. ती सुरू करण्यापूर्वी दात तपासून घ्यावेत. काही रोग्यांच्या गाठीत विशिष्ट जनुकीय बदल सापडतो, आणि त्यांना गोळ्यांचा चांगला उपयोग होतो. म्हणून ती तपासणी झाली आहे का, हेही विचारावे.

हिंगोलीकराला नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ साली सुरू झाले, पण ते दोनशे किलोमीटरांच्या पुढे आहे. तेव्हा निघण्यापूर्वी सर्व कागद एका पिशवीत तारखेप्रमाणे लावावेत. शिधापत्रिका व आधार कार्ड बरोबर घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला गाठावे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार येतात. शेत विकण्याची घाई त्याआधी करू नये.

वेदनेसाठी मात्र निदानाची वाट पाहायची नसते. मॉर्फिनच्या नावाने घरोघरी भीती आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेले मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे, आणि ते दिले म्हणजे अखेर आली असेही नव्हे. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ते मिळण्याची वाट सोपी करण्यात आली. गोळी घड्याळाप्रमाणे द्यावी, कळ असह्य होण्याची वाट पाहू नये. बद्धकोष्ठासाठी रेचक बरोबर मागून घ्यावे आणि औषध आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. एका वहीत दुखण्याची जागा, वेळ आणि दिलेले औषध लिहिले, तर डॉक्टरांचे अर्धे काम होते.

दुखऱ्या पाठीला जोराने मालीश करणे आणि हाड बसवून घेणे या दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. कमकुवत हाड त्याने मोडते. आपला जिल्हा हळदीचा. ती भाजीत जरूर घालावी. पण हळदीच्या गोळ्या औषधाच्या जागी देऊ नयेत, आणि औषधाबरोबर द्यायच्या असल्या तरी आधी विचारावे. रात्री उठताना पाय अडकेल असे सामान वाटेतून काढावे, अंथरुणाशी दिवा ठेवावा. सगळा भार एकट्या सुनेवर वा मुलीवर पडू नये, पाळ्या लावाव्यात.

राहिला प्रश्न सांगण्याचा. “त्यांना काही कळू देऊ नका,” असे आपण मायेने म्हणतो. पण दुखणे ज्याच्या पाठीत आहे, त्याला पुष्कळसे कळलेलेच असते. अशाने दोन्ही बाजू एकमेकांपासून लपवत बसतात. त्यांनाच विचारावे, “बाबा, तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे?” त्यांनी विचारले तेवढे खरे सांगावे, न विचारलेले लादू नये. “अजून नक्की कळलेले नाही, तपासणी गुरुवारी आहे, आणि मी तुमच्याबरोबर येणार आहे,” हे वाक्य पूर्ण खरे आहे, आणि त्यात आधारही आहे.

निदान काय निघेल ते आपल्या हाती नाही. हाडात गेलेला रोग बहुधा समूळ जात नाही, हेही मी लपवत नाही. पण वेदना कमी करणे, पाय सांभाळणे आणि माणसाला एकटे पडू न देणे, हे पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे. त्याचा आरंभ ‘असावा’ हा शब्द कानी पडला त्याच दिवशी करावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.