गोळीने मुलं धावत नाहीत

मंगोलियाच्या उलानबातरमध्ये हिवाळा दीर्घ आणि ऊन तिरकं. तिथल्या मुलांच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्व अत्यल्प. म्हणूनच ६ ते १३ वयाच्या ८,८५१ शाळकरी मुलांची तिथली चाचणी महत्त्वाची ठरते. निम्म्यांना तीन वर्षं दर आठवड्याला १४,००० युनिट जीवनसत्त्व दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. मूळ हेतू क्षयाचा संसर्ग रोखण्याचा होता, तो साधला नाही. पण याच मुलांच्या मुठीची ताकद आणि त्यांतल्या काहींची व्यायामक्षमताही तपासली गेली. त्यातही दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

मात्रा कमी पडली असेल, असं कुणी म्हणेल. तसं नव्हतं: गोळी घेणाऱ्यांच्या रक्तातली सरासरी पातळी दर मिलिलिटरमागे ३१ नॅनोग्रॅमवर गेली, इतरांची ११च्या आसपासच राहिली. कमतरता भरली, ताकद वाढली नाही. मग गोळी निरुपयोगी का? मुळीच नाही. मुडदूस झालेल्या मुलाला ती हवीच, आणि डॉक्टरांनी सांगितलेली गोळी कुणीही बंद करू नये. आपल्याकडेही २०१६-१८च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातल्या सुमारे २४ टक्के मुलांत कमतरता आढळली होती. पण हाडांसाठीचं औषध मैदानाचा पर्याय म्हणून खपवणं मला गैर वाटतं. स्नायू ताण पडल्यावर बळावतात, दम धावल्याने वाढतो. खेळाचा तास गणिताला देणाऱ्या शाळांना पालकांनी जाब विचारायला हवा.