खैरातीपेक्षा हिस्सेदारी बरी

रमजान आला की शिरूर-दौंडच्या बाजारपेठेतील आपला व्यापारी मोकळ्या हाताने जकात व सदका देतो. ही समाधानाची बाब आहे. परंतु यंदा ज्या घरी जकात पोचली त्याच घरी ती दरवर्षी पोचवावी लागत असेल, तर विचार केला पाहिजे. जकात हा गरिबाचा हक्क, तो दिलाच पाहिजे. पण बाकीचे अकरा महिने आपला धंदा त्या घराशी कसा वागतो? आजकाल ज्याला सामाजिक उद्योजकता म्हणतात, तिची सुरुवात या प्रश्नातून होते. धंदा चोख हिशेबाने करायचा, मात्र नफ्याचा वाटा काम करणाऱ्यापर्यंत पोचवायचा आणि जमीन-पाण्याची नासाडी टाळायची, इतकाच तिचा अर्थ.

याचे उदाहरण आपल्या ताटातच आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास सुरुवात केली. तेच पुढे ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ झाले. देणगी घ्यायची नाही, हा त्यांचा पहिल्यापासूनचा नियम. केंद्रावर मळलेले पीठ मिळते. भगिनी ते घरी नेऊन लाटतात, पापड तपासून जमा होतात आणि लाटण्याची मजुरी मिळते. प्रत्येक सदस्य भगिनी मालकीण असते, नफा-तोटा सर्वांचा. जात-धर्म आड येत नाही. आज सुमारे ४५ हजार स्त्रिया या संस्थेत आहेत.

यातली खुबी व्यापाऱ्याला लगेच कळेल. गरीब बाईला कष्ट करता येतात. पण घाऊक खरेदी करणे, दूरवर माल विकणे आणि पैशासाठी थांबणे तिला एकटीला झेपत नाही. ही तिन्ही कामे संस्था करते.

दुसरे उदाहरण पुण्याचे. १९९३ साली कचरावेचकांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना बांधली. त्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. कचराकुंड्या उपसणाऱ्या स्त्रिया दारोदार कचरा गोळा करू लागल्या. घरामागे शुल्क मिळू लागले, शिवाय सुक्या भंगाराची विक्री त्यांचीच. मालाचा पुन्हा वापर झाला आणि कष्टाला मान मिळाला.

आता आमच्या कापड धंद्याकडे पाहू. कटपीस दुकानात पडून राहतात, शिंप्याकडची कात्रणे उकिरड्यावर जातात किंवा जाळली जातात. शिरूर घोड नदीवर, दौंड भीमेवर. दोन्हींचे पाणी पुढे उजनीतच जाते. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. कापडासारखी दिसणारी नॉनवोव्हन पिशवीही बहुधा प्लास्टिकचीच असते. दुसरीकडे साडीला फॉल-पिको करणाऱ्या भगिनी मिळेल तो दर घेतात, कारण त्यांना दुसरे गिऱ्हाईक नसते.

पाच-सहा कापड दुकानदारांनी आपले कटपीस व कात्रणे एकत्र केली, तर दहा भगिनींच्या बचत गटाला पिशव्या आणि गोधड्यांचे काम देता येईल. भांडवल कर्जे-हसना म्हणून द्यावे किंवा मुदारबतीने. मुदारबतीत एकाचे भांडवल व दुसऱ्याचे श्रम असतात. नफा ठरलेल्या हिश्श्याने वाटला जातो, आणि काम करणाऱ्याची कसूर नसताना झालेला भांडवलाचा तोटा भांडवलदाराने सोसायचा असतो. व्याजाचा प्रश्नच येत नाही. दर भगिनींना विचारून ठरवावा व माल येईल त्याच दिवशी पैसे द्यावेत. मजुरीला विलंब नको, ही रसूलुल्लाह (सल्ल.) यांची ताकीद आपण सर्व जाणतो.

काही जण विचारतील, दर वाढवून स्वस्त मालापुढे टिकणार कसे? शंका रास्त आहे. म्हणून बाजारात उतरण्याआधी आपल्याच दुकानांना लागणाऱ्या पिशव्यांपासून आरंभ करावा. कच्चा माल जवळजवळ फुकट, जागेचे भाडे नाही, मधला दलाल नाही. शिलाई मात्र पक्की हवी. दया म्हणून घेतलेली पिशवी गिऱ्हाईक दुसऱ्यांदा मागत नाही.

ईदच्या खरेदीआधी शिरूर व दौंड येथील कापड व्यापाऱ्यांनी एकदा बसून आपापल्या दुकानाला महिन्याला किती पिशव्या लागतात, एवढा आकडा तरी काढावा. पुढचा हिशेब त्यावरूनच मांडता येईल.