भुतं दिसतात फक्त मुलांना! ‘लॉकवूड अँड कंपनी’ वाचताना घाबरता घाबरता हसू का येतं?

भूत पकडायला जाताना सोबत काय न्यायचं? तलवार, लोखंडी साखळ्या, मीठ आणि थर्मासभर चहा. बिस्किटंही, पण ती पाळीपाळीनेच घ्यायची, असा कडक नियम. ब्रिटिश लेखक जोनाथन स्ट्राउड यांच्या ‘लॉकवूड अँड कंपनी’ या पाच कादंबऱ्यांच्या मालिकेची गंमत या सामानापासूनच सुरू होते.

नेमकी भानगड काय?

कथेतल्या ब्रिटनमध्ये पन्नासहून जास्त वर्षांपासून भुतांचा सुळसुळाट आहे. सगळे त्याला नुसतं ‘द प्रॉब्लेम’ म्हणतात. भुताचा स्पर्श जीवघेणा. पण भुतं नीट दिसतात किंवा ऐकू येतात ती मुलांनाच. वय वाढलं की ही शक्ती जाते. म्हणून रात्रपाळी मुलांची आणि देखरेख मोठ्यांची! उपाय मात्र आपल्या आजीला लगेच पटतील असे. आपल्याकडे दृष्ट काढायला मीठ-मोहरी आणि बाळंतिणीच्या उशाशी विळा, तिकडे मीठ, लोखंड, चांदी आणि लॅव्हेंडर.

हसू कुठे येतं?

लॉकवूडची एजन्सी लंडनमधली सर्वात लहान. अँथनी लॉकवूड, जॉर्ज कबिन्स आणि लूसी कार्लाइल ही तीन पोरं, मोठं माणूस एकही नाही. पहिल्या भागातल्या एका मोहिमेत साखळ्या घरीच राहतात, झटापटीत घराला आग लागते आणि घरमालकीण थेट नुकसानभरपाई मागते. भुतापेक्षा हे बिल जड! जॉर्जकडे बरणीत बंद एक कवटी आहे. ‘द व्हिस्परिंग स्कल’ या दुसऱ्या भागात ती लूसीशी बोलते, तेही टोमणे मारत. मालिकेतलं सर्वात धमाल पात्र बहुधा हीच.

पण हा नुसता टाइमपास नाही. लंडनला येण्याआधी लूसीने एका गिरणीतला धोका ओळखला होता. पथकाच्या प्रौढ प्रमुखाने तिचं ऐकलं नाही. तो बाहेरच थांबला, आत गेलेली मुलं मेली आणि चौकशीत त्याला दोषी धरलं गेलं नाही. त्यानंतर लूसीचे विनोद वेगळेच ऐकू येतात. रोज मरणाच्या दारात जाणारी पोरं बिस्किटांवरून भांडतात, कारण तेवढंच त्यांच्या हातात आहे.

आधी सीरिज की पुस्तक?

नेटफ्लिक्सवर जानेवारी २०२३ मध्ये आठ भाग आले. पहिल्या दोन पुस्तकांवरची ही सीरिज चांगली जमली होती, तरी एकाच सीझननंतर बंद झाली. त्यामुळे पुढची गोष्ट हवी असेल, तर पुस्तकांना पर्याय नाही. सुरुवात ‘द स्क्रीमिंग स्टेअरकेस’ (२०१३) पासूनच करा; ‘द एम्प्टी ग्रेव्ह’ (२०१७) हा शेवटचा भाग आधीच्या धाग्यांशिवाय कळणार नाही. इंग्रजी सोपं आहे, सातवी-आठवीतल्या मुलांनाही जमेल. फक्त भित्र्या वाचकांनी जिन्याचं प्रकरण दिवसा वाचावं.