अन्न, वस्त्र आणि हक्काचे माणूस

रुमानियात 1989 साली चाउशेस्कूची राजवट कोसळली, तेव्हा लाखाहून अधिक मुले सरकारी बालगृहांत होती. अन्नवस्त्राची सोय कमीअधिक होती. पण सांभाळणारी बाई पाळीगणिक बदलत असे. रडून कोणी येत नाही हे उमगलेली तान्ही मुले रडेनाशी झाली होती. पुढे बुखारेस्टमध्ये संशोधकांनी अशा 136 बालकांपैकी निम्मी, चिठ्ठ्या टाकून, कुटुंबांत सांभाळण्यास दिली. त्यांची बुद्धी आणि जिव्हाळा जोडण्याची शक्ती सुधारली. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांची विशेष.

‘तीन वर्षांच्या धाकट्यालाही वसतिगृहात घ्या,’ असे काही पालक आम्हांस विनवतात. त्यामागची गरिबी आम्ही जाणतो. आमच्यापैकी अनेक जण त्याच घरांतले. तरीही पाचवीपूर्वी आम्ही प्रवेश देत नाही आणि आलेल्या मुलांची गृहमाता सहसा बदलत नाही.