समुद्राचे तापमान आणि भातकुलीची पेरणी

पूर्णेच्या खोऱ्यातील भातकुली तालुक्याची जमीन काळी, खोल व ओल धरून ठेवणारी आहे. परंतु या खारपाणपट्ट्यात विहिरींना बहुधा खारे पाणी लागते. पावसाने ताण दिल्यास पिकास गोड्या पाण्याचा आधार देण्याची सोय थोड्याच शेतकऱ्यांजवळ असते. म्हणून पावसाच्या अंदाजाचा नेमका अर्थ जाणून घेणे येथे विशेष अगत्याचे आहे.

एल निनो म्हणजे काय?

पेरू देशाच्या किनाऱ्यावरील कोळी नाताळाच्या सुमारास येणाऱ्या उष्ण प्रवाहास 'एल निनो', म्हणजे बाळ येशू, असे म्हणत. एरवी विषुववृत्ताजवळील वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात व प्रशांत महासागराचे ऊन पाणी इंडोनेशियाकडे लोटतात. तेथे हवा तापून वर चढते व मेघ बनतात. काही वर्षी हे वारे मंदावतात. मग ऊन पाणी महासागराच्या मध्याकडे व पूर्वेकडे पसरते, मेघ बनण्याची जागाही तिकडे सरकते आणि भारताच्या बाजूस हवा खाली उतरण्याची प्रवृत्ती वाढते. उतरत्या हवेत ढग वाढत नाहीत. त्यामुळे मान्सून दुर्बल होण्याचा संभव असतो.

संशोधनाची वाटचाल

१८९९ सालच्या दुष्काळात वऱ्हाडासह देशाचा मोठा भाग होरपळला. १९०४ साली भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर यांनी पुढे जगभरच्या वायुभाराच्या नोंदी ताडून पाहिल्या. प्रशांत महासागरावर वायुभार वाढला की हिंदी महासागरावर तो घटतो, व याच्या उलटही घडते, असे त्यांना आढळले. या आंदोलनाचा समुद्राच्या तापमानाशी असलेला संबंध याकोब बियर्कनेस यांनी १९६९ साली उलगडून दाखविला. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत समुद्र व वातावरण यांचे एकत्रित गणित संगणकावर मांडून मान्सूनचा अभ्यास केला जातो.

अंदाजाची मर्यादा

१९९७ साली एल निनो प्रबळ होता, तरी देशात सरासरीइतका पाऊस झाला. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्व भागाहून अधिक तापला होता व ती स्थिती मान्सूनला साहाय्यक ठरली, असे शास्त्रज्ञ मानतात. उलट २००२ साली एल निनो त्याहून सौम्य असता देशाचा पाऊस सुमारे एकपंचमांशाने घटला व जुलै महिना तर निम्मा कोरडा गेला.

शिवाय एप्रिलमधील अंदाज मुख्यतः साऱ्या देशाच्या चार महिन्यांच्या एकूण पावसाविषयी असतो. ही सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर आहे. एकूण पाऊस सरासरीएवढा होऊनही जुलैत तीन आठवड्यांचा खंड पडू शकतो, आणि कोवळे रोप तेवढ्यानेही जाते. म्हणून 'यंदा पाऊस चांगला' एवढे ऐकून पहिल्या सरीवर बी टाकणे योग्य नव्हे.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१. हंगामी अंदाजाचा उपयोग पिकांच्या आखणीसाठी करावा. पाऊस कमी होण्याचा संभव असल्यास कपाशी किंवा सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घ्यावे, म्हणजे सारी जोखीम एका पिकावर राहत नाही. उताराला आडवी मशागत करून पाणी शेतातच मुरवावे.

२. फवारणी, खत व आंतरमशागत यांची वेळ मंगळवारी व शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला पाहून ठरवावी.

३. पेरणी मात्र मोजलेल्या पावसावर करावी. उघड्या जागी, झाडाझुडपांपासून दूर, सपाट बुडाचे व सरळ काठाचे भांडे ठेवावे. दररोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजून लिहावी व भांडे रिते करावे. पेरणीच्या सुमारास ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, जमीन खणून ओल खोलवर गेल्याची खात्री करून व वाफसा येताच पेरावे.

उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या जमिनीत पहिल्या सरीने वरचा थरच भिजतो. त्यात बी उगवते व खालच्या कोरड्या थरामुळे सुकते. मग बियाणे, खत व मजुरी यांचा खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो आणि मूग-उडदाची वेळही निघून जाते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावात असे एक तरी भांडे ठेवून रोजचा पाऊस चावडीच्या फळ्यावर लिहावा, म्हणजे प्रत्येकास आपल्या शिवाराचा हिशेब समजेल.